सोनोग्राफीआधीचं पाणी

माझी थोरली बहीण आक्का गावाबाहेर निघाली की पाणी पीत नाही. पोलिओमुळे ती कुबड्यांवर चालते, उकिडवं बसता येत नाही. आणि जळकोटपासून लातूरपर्यंत जिथं जावं तिथं संडास उकिडवं बसायचाच.

त्या दिवशी सरकारी दवाखान्यात तिची पोटाची सोनोग्राफी होती. कित्येक महिने अंगावरून जायचं थांबत नव्हतं. टेबल उंच, मी आणि दारावरच्या मावशींनी तिला उचलून वर घेतलं. डॉक्टरांनी यंत्र फिरवलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "लघवीची पिशवी रिकामी आहे. काही दिसत नाही. हिला पाणी पाजून आणा. मी दुपारपर्यंतच आहे."

"मला सांगा की," आक्का म्हणाली. "पाय गेलेत, कान न्हाईत."

बाहेर येऊन मी बाटली पुढं केली. तिनं ती बाजूला सारली. "आधी संडास बघून ये."

बघितला. दोन पायऱ्या चढून आत तेच. शेजारी कमोडचा एक होता, त्याला कुलूप. वर पाटी: फक्त कर्मचाऱ्यांसाठी.

आमच्या घरात बाबा चळवळीच्या पत्रकांच्या घड्या घालत आणि आम्ही भोवती बसून वाचत असू. समता हा शब्द मला शाळेआधी वाचता आला. कुलूप बघून डोकं फिरलं. मावशींसमोरच मी हक्क, कायदा, सगळं सुरू केलं.

"किल्ली सिस्टरकडं हाय, माय. माझ्यावर काऊन ओरडायलीस?"

सिस्टर म्हणाल्या, "आज हिला दिली तर उद्या सगळ्या मागतील."

"मागू द्या की!" माझा आवाज चढला. त्यांचा त्याहून चढला. घड्याळ पुढं सरकत होतं.

तेवढ्यात मागून कुबड्यांची टकटक आली. आक्कानं माझ्या हातातली बाटली घेतली, सिस्टरच्या टेबलाला टेकून उभी राहिली आणि सगळी बाटली घटाघटा संपवली.

"प्याले बघा, बाई. आता तपासणी झाली की किल्ली द्या, न्हाईतर फरशी पुसायचं फडकं द्या."

रांगेतल्या बायका खळखळून हसल्या. सिस्टरनी किल्ली टेबलावर आपटली.

तपासणी झाली. गाठ आहे. डॉक्टर या खेपेला तिच्याशीच बोलले: पुढच्या मंगळवारी पुन्हा बघू, पाणी पिऊन या.

किल्ली परत द्यावी लागली. परतीच्या एसटीत आक्काचे ओठ सुकले होते. मी न विचारताच बाटली भरून आणली होती. तिनं ती मांडीवर धरली, झाकण मात्र उघडलं नाही.

"मंगळवारी दुसरी सिस्टर असली तर?" ती म्हणाली.

गाव अजून लांब होतं.