संक्रांतीच्या दानातला काळा मफलर

त्या थंडीत मी देवाशी बोलणं टाकलं होतं. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. सरकारी बदलीवर साताऱ्याहून जयपूरला येऊन आम्हाला वर्षही झालं नव्हतं, आणि आमची धाकटी सुमन न्यूमोनियानं इस्पितळात पडली होती. आमची ही येता-जाता देवाला हात जोडायची. मी म्हणायचो, एवढ्याशा पोरीचा छळ मांडणाऱ्याला मी नमस्कार करणार नाही. केलाही नाही.

संक्रांतीच्या सकाळी डॉक्टरांनी एक इंजेक्शन लिहून दिलं. ते छोटी चौपड नावाच्या चौकातल्या दुकानातच मिळेल, आणि सणामुळे दुकान लवकर बंद होईल, असं कंपाउंडर म्हणाला. माझा मफलर सुमनच्या छातीला गुंडाळलेला होता. मी कोटाच्या आत वर्तमानपत्रं कोंबली आणि मोटारसायकल काढली. धुकं होतं, ब्रेकवरची बोटं बधिर झालेली, तरी गाडी पळवत होतो.

अजमेरी दरवाज्यापाशी एक म्हातारी सरळ गाडीपुढे आली. मी कसाबसा थांबलो आणि तिच्यावर खेकसलो. तिच्या हातात काळा लोकरी मफलर होता, वर मूठभर तीळ. "ले लो भैया," ती म्हणाली, "सुबह से कोई नहीं ले रहा. बेटा खाट पर पड़ा है." मग माझ्या ध्यानात आलं. शनीचं दान. घेणाऱ्याकडे देणाऱ्याची पीडा जाते, असं आमच्याकडेही मानतात. माझ्या आईनं ते उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नसतं. माझं डोकं फिरलं, पण म्हातारीवर नाही. वर बघून मनात म्हटलं, आणखी काय करणार आहेस तू माझं? ये, कर. मफलर घेतला, तिच्यासमोरच गळ्याला दोन वेढे दिले आणि निघालो.

चौपडीच्या अलीकडे कापलेल्या पतंगाचा मांजा रस्त्यावर आडवा आला. मला दिसलाच नाही. गळ्याला हिसका बसला, गाडी डगमगली, थांबली. चाचपून पाहिलं तर मफलर चिरत गेला होता आणि आत कातडीवर नुसता ओरखडा. तसाच दुकानात गेलो, इंजेक्शन घेतलं आणि इस्पितळात पोहोचवलं. संध्याकाळी सुमननं पाणी मागितलं. मी व्हरांड्यात जाऊन रडलो.

दुसऱ्या दिवशी म्हातारीला शोधत गेलो. ती दरवाज्याजवळच राहत होती. चिरलेला मफलर पाहून ती घाबरली. "मेरी बला तुम्हें लग गई."

"लगी नहीं, माई. इसी पर उतर गई. आपका बेटा भी उठेगा."

बोलून गेलो आणि चरकलो. ज्याच्याशी बोलत नव्हतो, त्याच्या वतीनं शब्द देऊन बसलो होतो. गाडीला किक मारण्याआधी त्याला बजावलं, मी तुला जामीन राहिलोय, आता मला खोटं पाडू नकोस. याला शरण जाणं म्हणत असतील तर मी गेलो, पण भांडत गेलो. त्याचे आभारही मी अजून तसेच मानतो.

होळीच्या आधी तिचा मुलगा दारात उन्हाला बसलेला दिसला. मी गाडी थांबवून हात जोडले. त्याला वाटलं, आपल्यालाच जोडले.