टिकाऊ टायर

खंडेनवमी, सकाळी दहा. हजर: मी, नवरा आणि धायरीचा टायरवाला. नवऱ्याची दुसरी केमो नुकतीच झाली होती, तरी लांबच्या सफरींसाठी घेतलेल्या मोटारसायकलला त्याला नवे टायर हवे होते. दुकानभर नव्या रबराचा वास होता. "मऊ रबर रस्ता घट्ट धरतं, पण लवकर झिजतं. किती वर्षं चालवणार, साहेब?" टायरवाल्याने विचारलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी घाईने म्हणाले, "सगळ्यात टिकणारे द्या." नवरा हसला, "म्हणजे मला इतक्यात सुट्टी नाही." टायरवाल्याने बजावलं, "पहिले शंभर किलोमीटर सावकाश चालवा." मी ते वहीत लिहिलं. घरापर्यंतचे अकरा नवऱ्याने चालवले. दिवाळीनंतर तो गेला. वहीतल्या त्या ओळीपुढे अजून बरोबरची खूण नाही. एकोणनव्वद किलोमीटर बाकी आहेत.