गुरुवारच्या चकत्या

मेकॅनिकने बॉनेट उघडलं की तुम्ही काय करता? खरं सांगा. मोबाइल काढता आणि सावलीत जाऊन उभे राहता ना? आपल्याला त्यातलं काय कळतंय, असं स्वतःलाच बजावून? ठीक आहे. थर्मामीटरबाईही तेवीस वर्षं एका माणसाकडे अशीच पाठ करून निर्धास्त उभी होती. आणि तिला तर त्यातलं सगळं कळत होतं.

हे नाव तिला टॅक्सीवाल्यांनी दिलं. एसीची तक्रार घेऊन गाडी आली की मालकाचं रडगाणं ऐकायच्या आधी ती डॅशबोर्डच्या जाळीत थर्मामीटर खुपसते. मालकाला उकडतंय म्हणजे एसी बिघडलाच असेल असं नाही, कधीकधी बायकोशी भांडण झालेलं असतं, असं ती म्हणते.

तिला घडवलं उस्तादने. सहा गॅरेजांनी 'बाई, इथे कपडे काळे होतात' म्हणून वाटेला लावलं होतं. उस्तादने काही विचारलं नाही. एक जुना कॉम्प्रेसर पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, खोल. तेव्हापासून दोघं एकाच गॅरेजात. त्याचा नियम एकच: भोक सापडल्याशिवाय नळीत काही भरायचं नाही. गळती शोधायची, नळी बदलायची, आतली हवा ओढून घ्यायची आणि मगच मोजून गॅस भरायचा. काम झालं की नळीला अ‍ॅल्युमिनियमची चकती तारेने बांधायची. चकतीवर तारीख, आणि खाली ज्याने काम केलं त्याचा ठसा. तिचा त्रिकोण, त्याचा गोल.

तिच्याकडे कागदी प्रमाणपत्र एकही नाही. तो नाण्याएवढा पत्रा हेच तिचं प्रमाणपत्र. दुसऱ्या गॅरेजांतले मेकॅनिक त्रिकोण दिसला की ती नळी पुन्हा तपासतसुद्धा नसत. तिच्या नावावर घर नाही, गाडी नाही. त्रिकोण मात्र होता.

त्या दिवशी दारात एक मोटारहोम आलं. चाकांवरचं अख्खं बिऱ्हाड: आत पलंग, शेगडी, खिडकीत तुळतुळीत पानांची कुंडी. मालक निवृत्त बसड्रायव्हर. त्याच्या बायकोला एका आजारपणानंतर उष्णता सोसत नाही, उकाडा वाढला की शुद्धच हरपते. छतावरचा एसी गाडी उभी करून वायर लावली तरच चालतो. रस्त्यावर भरवसा फक्त डॅशबोर्डमधल्या एसीचा. आणि तो गरम फुंकर मारत होता. तीन दिवसांनी लेकीच्या बाळंतपणाला जायचं होतं, नऊ तासांचा उघडा रस्ता.

ड्रायव्हरकाका दोन ठिकाणी धक्के खाऊन आले होते. इंजिन बनवणारे म्हणाले, डॅशबोर्ड आमचा नाही. वरचं घर बांधणारे म्हणाले, कॉम्प्रेसर आमचा नाही. घटस्फोट घेतलेल्या आईबापांसारखे दोघं हात झटकून मोकळे, आणि पोर मध्ये घामाघूम. बाईला यात नवीन काही नव्हतं. मोटारहोमचं हे दुखणं जन्मजात असतं.

थर्मामीटरने एकतीस दाखवलं. तिने इंजिनजवळच्या दोन्ही नळ्या हातात धरल्या. एक गार लागायला हवी होती, ती कोमट. गेज लावले तर एका बाजूला दाब फुगलेला, दुसऱ्या बाजूला जवळजवळ शून्य. म्हणजे मध्ये कुठेतरी घसा आवळलाय. तिने गॅस काढून घेतला आणि गॅस जिथून बारीक धारेने आत सुटतो तो व्हॉल्व्ह खोलला. आत पारदर्शक, चिकट, कडक झालेला डिंक होता.

तिचं डोकंच फिरलं. गळती बुजवायचं हे औषध डबीत मिळतं. आत ओतलं की भोकापाशी हवा लागून घट्ट होतं आणि चार दिवस सगळं छान वाटतं. मग ते वाटेल तिथे घट्ट होतं आणि कॉम्प्रेसरसकट सगळ्याची माती करतं. तिने ड्रायव्हरकाकांना फैलावर घेतलं. कुठल्या गल्लीतल्या वैदूकडे गेला होता, घरात आजारी माणूस आहे याची तरी लाज बाळगायची होती, बरंच काही बोलली. म्हाताऱ्याने नळीकडे बोट केलं. मग म्हणाला, "ताई, दुसरीकडे कुणी हातही लावला नाही. इथेच केलंय. चकती बघा ना."

तिने नळीवरची काजळी अंगठ्याने पुसली. त्रिकोण. तारीख बारा. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तिने पाहिलं. बारा तारखेला गुरुवार होता, आणि दर गुरुवारी ती आईला डायलिसिसला नेते. त्या दिवशी गॅरेजात एकटा उस्ताद असतो.

मागच्या पडवीत तो चहा पीत बसला होता. तिने व्हॉल्व्ह त्याच्यासमोर स्टुलावर ठेवला. त्याने तो उचललाही नाही. वर्ष झालं, डोळे साथ देत नाहीत, बारीक गळती दिसत नाही, हे त्याने सांगितलं, जणू हवापाण्याच्या गप्पा मारतोय. ते ऐकून तिला कळवळा आलाही असता. पण तिने विचारलं की मग ठसा स्वतःचा का नाही मारला.

"माझ्या गोलावर आता कोण विश्वास ठेवतं? लोक तुझा त्रिकोण मागतात."

"म्हणून माझा मारला?"

"तुझं नाव माझ्याच हातातून निघालंय, पोरी. थोडं मी वापरलं तर काय बिघडलं?"

किती गाड्या, असं तिने विचारलं. आठवत नाही म्हणाला. मग कप विसळला, पालथा घातला, चपला घातल्या आणि निघून गेला. माफी मागितली असती तर तिने भांडण काढलं असतं, आणि भांडणातून काहीतरी मार्ग निघाला असता. तो तर तिनेच काही हिसकावून घेतल्यासारखा गेला.

पुढे येऊन तिने ड्रायव्हरकाकांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, फक्त उस्तादचे डोळे तेवढे सांगितले नाहीत. म्हाताऱ्याने विचारलं, "मग ताई, चकतीचा अर्थ काय राहिला?" अडीच दिवस राबून तिने कॉम्प्रेसरपासून व्हॉल्व्हपर्यंत सगळं बदललं, नळ्या धुतल्या, मूळची गळती शोधली. ती डॅशबोर्डमागच्या एका सांध्यात होती, मोहरीएवढी. चांगले डोळे असते तर दहा मिनिटांचं काम. काकू पुढच्या सीटवर बसल्या, जाळीतला आकडा सातवर आला, त्या हसल्या. बाईने त्या नळीला चकती बांधली नाही. ते बिऱ्हाड पत्र्याविनाच लेकीकडे गेलं.

आता गाठ तुमच्याशी आहे. गाडीचं बॉनेट स्वतः उघडा. एसीच्या नळीवर त्रिकोणाची चकती असेल तर तारीख कॅलेंडरशी ताडून बघा. गेल्या वर्षभरातला गुरुवार निघाला तर एसी गार असला तरी थांबू नका आणि दुसरीकडे गॅस भरून घेऊ नका. गाडी थर्मामीटरबाईकडे आणा, आणि तिने गेज लावायच्या आधीच सांगा, की ही गुरुवारची आहे.