निंबोल्याची रिकामी दमणी

कोकिळेच्या हातच्या सरबताचं बऱ्हाणपुरात नाव होतं, आणि त्या नावाचा तिला मनापासून वीट आला होता. त्यात जादू काहीच नव्हती. लिंबू पिळताना सालीवर जोर द्यायचा नाही, म्हणजे कडू होत नाही. फालसे हाताने कुस्करून मलमलीतून गाळायचे. तापीपलीकडच्या जैनाबादच्या वाळवंटातलं टरबूज घ्यायचं, पाक आदल्या दिवशी करून ठेवायचा आणि सगळं माठात घालून माठ ओल्या वाळूत रोवायचा. हे कोणालाही जमलं असतं, पण कोणी हात लावला तर ना! कोणाकडे मुंज असो की बारसं, "कोकिळा आहे ना" म्हणून बाकीच्या बायका पदराने वारा घेत बसायच्या आणि ही मागच्या पडवीत लिंबं पिळत बसायची. बोटांच्या चिरांमध्ये लिंबाचा रस नुसता चरचरायचा.

तेही तिने सोसलं असतं. पण आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया! तिच्या माहेरी, निंबोल्याला, आखाजीला सासुरवाशिणी घरी येतात, निंबाला झोके बांधतात, दिवसभर गाणी म्हणतात. आणि नेमकी त्याच दिवशी चैत्रगौर उठते, म्हणून सासूबाईंचं, गोदाबाईंचं, शेवटचं मोठं हळदीकुंकू त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी त्या ते करतील? नाव नको! दरवर्षी कोकिळेचा थोरला भाऊ लोटू दमणी जुंपून न्यायला यायचा, ओट्यावर बसून सरबत प्यायचा आणि रिकामी गाडी घेऊन परत जायचा. लग्नानंतरची पहिली आखाजी सोडली तर तिने माहेरचा झोका पाहिला नव्हता.

यंदा मात्र तिने फाल्गुनातच नवऱ्याच्या कानावर घातलं होतं. अनंतराव तहसील कचेरीत कारकून. त्यांनी मान हलवली होती. पण नुकतंच नवं राज्य झालं होतं, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली होती, आणि कचेरीत ग्वाल्हेरकडचे नवे तहसीलदार येऊन बसले होते. अनंतराव रात्रंदिवस हिंदी अर्जांचे मसुदे घोकत होते आणि साहेबांच्या सावलीलाही नमस्कार करत होते.

"यंदा साहेबांच्या बाई येणार आहेत हळदीकुंकवाला," आखाजीच्या आदल्या दिवशी ते म्हणाले. "तू नसलीस तर कसं दिसेल? पुढच्या वर्षी नक्की जा."

कोकिळेच्या अंगाचा तिळपापड झाला होता. कोनाड्यात पितळी पाळण्यात गौर बसली होती. चैत्रगौर म्हणजे काय, तर माहेरपणाला आलेली लेक! तिला महिनाभर झोपाळा, कैरीची डाळ, कलिंगडाची कमळं. आणि तिचे लाड करायला ठेवलेली जी दुसऱ्याची लेक, तिने माहेरचं नाव काढायचं नाही!

सकाळी लोटू आला, बैल सोडून ओट्यावर बसला. पडवीत कोकिळेने माठात रस ओतला, पाक ओतला. मग मिठाच्या बरणीत हात घातला आणि मूठ भरून माठात टाकली. क्षणभर थांबली आणि दुसरी टाकली. एकदा सरबत बिघडलं, चारचौघींत नाचक्की झाली, की पुन्हा कोणी हिला अडवणार नाही, असा तिचा हिशेब होता. नैवेद्याआधी चाखायची पद्धत नव्हती, त्यामुळे पकडणारंही कोणी नव्हतं.

हिशेबात एकच गोष्ट राहिली. गौरीपुढे ठेवलं की ते सरबत राहत नाही, प्रसाद होतो. आणि प्रसादाला नाव ठेवण्याची छाती बऱ्हाणपुरातल्या कोणत्या बाईला होती?

वकिलांच्या विमलताईंनी पहिला घोट घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यांनी पेला डोळे मिटून रिता केला आणि म्हणाल्या, "कोकिळेच्या हाताला चवच निराळी बाई!" मग एकेक करून सगळ्यांनी गिळलं. कोणी खोकली, कोणी पदर तोंडाला लावला, पण तक्रार? एक शब्द नाही. गोदाबाईंनी स्वतः घोट घेतला, सुनेकडे रोखून पाहिलं आणि त्याही गप्प राहिल्या.

तहसीलदारीणबाईंना मात्र हा प्रसाद-बिसाद ठाऊक नव्हता. "इसमें शक्कर डालना भूल गईं क्या?" त्यांनी सरळ विचारलं.

कोकिळेचा जीव एकदम हलका झाला. पण गोदाबाई तिच्या पुढे सरसावल्या. "नही नही, हमारे में गौर का सरबत ऐसाच रहता. इससे लू नही लगती."

"अच्छा! तब तो एक गिलास और दीजिए," बाई खूश झाल्या. "और बहूजी को परसों बँगले पर भेज दीजिए. दस-बारह लोग आएँगे, यही बनवाएँगे."

दाराआड उभे असलेले अनंतराव तिथूनच हसून मान डोलावू लागले.

कोकिळेला रडू कोसळायचंच बाकी होतं. "असं कोणी करत नाही!" ती सगळ्यांसमोर म्हणाली. "मीठ मी मुद्दाम टाकलं. मला आखाजीला निंबोल्याला जायचं होतं!"

विमलताई खो खो हसल्या. "ऐका! गंमत करायचीही हौस आहे हो हिला!" आणि सगळ्याजणी हसल्या. तहसीलदारीणबाईंनी रिकामा पेला पुढे केला.

तेवढ्यात मागच्या दाराशी लोटू आला. त्याच्या हातात भरलेला पेला होता.

"काय टाकलं व कोकी याच्यात? तोंडात धरवत नाही," तो म्हणाला. "बैलानं बी तोंड फिरवलं असतं."

कोकिळेने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या बायांत, इतक्या वर्षांत, खरं बोलणारं एवढं एकच माणूस. तिने हातातला तांब्या सासूच्या हातात दिला.

"गाडी जुंप, भाऊ."

"अगं, साहेबीणबाई बसल्यात!" अनंतराव मागे धावले. "लोक काय म्हणतील?"

"लोक काहीच म्हणत नाहीत. आत्ताच पाहिलं ना तुम्ही?" असं म्हणून ती नेसत्या लुगड्यानिशी दमणीत चढली. गोदाबाईंनी आतून दोनदा हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही.

निंबोल्याला पोचेपर्यंत उन्हं उतरली होती. तिची आई, रंभाबाई, ओट्यावरून धडपडत उठली आणि लेकीच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. निंबाखाली झोका अजून चालू होता. मुलींनी जागा करून दिली. कोकिळा फळीवर बसली, पायाने जमीन रेटली, तोच लोटूची बायको, वहिनी, लगबगीने आल्या. त्यांच्या ओच्यात लिंबं भरलेली होती.

"बरं झालं आल्या तुम्ही, कोकिळाबाई! मी म्हटलं, या उकाड्यात आता तुमच्याच हातचं सरबत होऊन जाऊ दे."

झोक्याभोवतीच्या सगळ्या तोंडांवर आशा पसरली. लोटूने मान खाली घातली.

"वहिनी," कोकिळा म्हणाली, "आज सगळ्यांनी पाणी प्या." आणि तिने झोका उंच नेला.