मागून ढिली

साखरेनं मिस्त्रींचे डोळे नेले नि पाठोपाठ गॅरेजही गेलं. तीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली काढलेला माणूस, आता दिवसभर पलंगावर बसून पंख्याची कुरकुर ऐकायचा आणि म्हणायचा, "याचं बेअरिंग गेलंय." ऐकायला होतं कोण? पंखाच.

एकुलती लेक दुकानातली नोकरी आटोपून आली की संगणकावर गाड्यांच्या शर्यती खेळायची. एकदा मिस्त्री बसल्या जागेवरून म्हणाले, "अगं, डावं पुढचं चाक रडतंय. हवा कमी कर थोडी."

"बाबा, खेळातली गाडी आहे ती!"

"मग खेळातली हवा कमी कर."

तिनं केली, नि फेरी चक्क लवकर संपली. तेव्हापासून दोघांचं सूत जमलं. स्प्रिंग, हवा, ब्रेक, सगळं मिस्त्री कानानं ठरवायचे, ती आकडे भरायची. वळणावर गाडी मागून घसरली की ती म्हणायची, "बाबा, शेपूट हलवतेय." मग हे मागची स्प्रिंग नरम करायला लावायचे. बापलेकीची भाषा ही अशी, घरच्या घरी शिजलेली.

लेकीच्या फेऱ्यांच्या वेळा बघून त्याच खेळातल्या शर्यतवाल्यांच्या एका संघानं विचारलं, गाडीचं सेटिंग लावून देतं कोण? रविवारी दुपारी परीक्षा ठरली. जमलं तर मिस्त्री त्यांचे कायमचे सेटिंगवाले. पुन्हा कुणाच्या तरी कामाचे. मिस्त्रींनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला.

"बाबा, त्यांना काही दिसणार नाहीये."

"मला तरी कुठं दिसतंय?"

फोन मिस्त्रींच्या कानाला, पलीकडचं लेकीला ऐकू येत नव्हतं. लेक फक्त आकडे बदलून पाठवणार. दोन फेऱ्या मारून संघाचा गाडीवाला म्हणाला, "काका, मस्त आहे. फक्त मागून जरा ढिली आहे."

ढिली! मिस्त्रींचे हात शिवशिवले. उभ्या जन्मात त्यांनी ढिलं ते आवळलेलंच. "मागची स्प्रिंग दोननं कडक कर."

लेकीचं बोट थबकलं. "कडक? म्हणाला काय तो?"

"तो म्हणाला ते मी ऐकलंय. तू वाढव."

"काका, आणखी ढिली झाली!"

"आणखी दोन."

पुढच्याच वळणावर टायर किंचाळले, मग धडक. गाडीवाला शांतपणे म्हणाला, "राहू द्या काका. आम्ही दुसरं कुणी बघतो."

फोन ठेवून मिस्त्री म्हणाले, "ढिली म्हणाला, मी आवळली. चुकलं कुठं?"

लेकीच्या आत्ता ध्यानात आलं. खेळणाऱ्यांत हा शब्द सगळ्यांच्या तोंडी. तिनंच बापाला लाडानं दुसरा शिकवलेला.

"ढिली म्हणजे शेपूट हलवणारी, बाबा."

"म्हणजे नरम करायची होती."

"मी सांगते त्यांना. चूक माझी होती."

"काय सांगशील? मिस्त्रीला ढिली कळत नाही म्हणून?" ते भिंतीकडे वळले. "तू जा त्यांच्यात. तुला येते त्यांची बोली."

नाही नाही म्हणत महिन्याभरानं ती त्या संघात गेली. आता घरी हेडफोन लावून खेळते. मिस्त्रींना नुसता बटणांचा खटखटाट येतो. त्यावरून गाडीचं काहीच कळत नाही.