शैलाने खाली ओढलेली बाही

माझ्या एका भाषणामुळे माझ्या बायकोचा रिपोर्ट अर्धवट राहिला.

शैला जाऊन आज वर्ष झालं.

तिच्या माहेरी, लोणी काळभोरच्या बाजूला, घराण्यात हृदयाचा आजार. आई गेली, मामा गेला.

काही वर्षांपूर्वी संशोधक तिथे रक्ताचे नमुने घ्यायला आले. आजार जनुकांतून येतो का, हे बघायचं होतं.

मी जावई, त्यात वक्ता. देवळासमोर उभा राहिलो.

"तुमचं रक्त नेतील, पेपर छापतील, परत फिरकणार नाहीत. तुमच्या हाती काय येणार? तुम्ही म्हणजे यांचा कच्चा माल."

टाळ्या पडल्या. रांग मोडली.

एक तरुण डॉक्टर सांगत होती, "सर, रिपोर्ट घरी आणून देणार आहोत." माझ्या आवाजापुढे तिचा कुठे पोचणार.

शैलाही रांगेत होती. तिने वर केलेली बाही खाली ओढली.

पुढे तिलाच तो आजार निघाला. जीन टेस्ट केली.

डॉक्टर म्हणाले, "जनुकात एक बदल सापडलाय. पण आजार त्यामुळेच, असं सांगता येत नाही. तुलनेला यांच्या घराण्यातल्या, यांच्या भागातल्या लोकांचा डेटाच नाही."

शैलाने एवढंच विचारलं, "म्हणजे मुलीची टेस्ट करूनही कळणार नाही?"

"आत्ता तरी नाही."

रिक्षा बिबवेवाडीत, आमच्या घराजवळ आली. उतरताना ती म्हणाली,

"अहो, भाषण मात्र छान झालं होतं."

पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

मुलगी खराडीला नोकरी करते. ठरावीक महिन्यांनी हृदयाचा इको काढते आणि मला एका शब्दाचा मेसेज पाठवते. "नॉर्मल."

तो येईपर्यंत मी घरात नुसता फिरत असतो. "अहो, बसा जरा" म्हणणारं कोणी नाही.

माझा प्रश्न खोटा नव्हता. आजही विचारीन.

पण उत्तर ऐकायला मी थांबलो नव्हतो.

आज शैलाच्या माहेरी गेलो. तेव्हाच्या त्याच तरुण डॉक्टरला शोधून, विनंती करून बोलावलं होतं.

शैलाच्या मावशी म्हणाल्या, "पावनं, तवा तुमीच नगं म्हनला. आता सवताचं द्या की."

"माझं चालत नाही, मावशी. तुमच्या घराण्याचं लागतं."

त्यांनी बाही वर केली. मग हात पुढे करून डॉक्टरला म्हणाल्या, "घे बाई. पर रिपोर्ट आनून दे."

"मी स्वतः आणते, आजी."

या वेळी मला ऐकू आलं.

थोडेच लोक आले. शैला, मी भाषण केलं नाही. एकेकाला खुर्चीपर्यंत सोडलं आणि रांगेत तू उभी होतीस तिथे थांबलो.

श्रद्धांजलीचे मोठे शब्द तुला नकोत.

चुकलो. नमस्कार.