खाजणातला खांब

खांबाच्या तारेची मेख माझ्या समोर चिखलातून निघाली. आवाजसुद्धा झाला नाही. मी बांधावर डबा घेऊन बसले होते. समोरच्या बाजूला माझा मुलगा सैल पडलेली तार दोन्ही हातांनी ओढून ताठ करत होता. त्याने ओढ दिली, इकडची मेख सुटली आणि खांब त्याच्याच बाजूला गेला. मी तोंड उघडेपर्यंत तो खाली होता. नात खांबाच्या बुडाशी, माझ्या बाजूला, पेटीतले आकडे उतरवून घेत होती. तिच्या अंगाला काही लागलं नाही.

डोक्याला मार होता. आजूबाजूची माणसं धावत आली, त्यांनी उचलून आमच्याच टेम्पोत घातलं. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

खांब नातीच्या अभ्यासाचा होता. ती वाऱ्यापासून वीज करण्याचं शिकत होती. इंजिनिअर आधीच झाली होती, हे त्याच्या वरचं शिक्षण. मी चौथी शिकलेली, मिठागरावर वाढलेली. वारा चांगला असला की मीठ लवकर धरतं, यापुढे वाऱ्याचा विचार मी कधी केला नाही. ती म्हणायची, आजी, पवनचक्की उभी करायच्या आधी तिथला वारा महिनोन् महिने मोजावा लागतो. जमिनीजवळचा वारा उपयोगाचा नाही, इमारती त्याला अडवतात. म्हणून उंच खांब लावायचा, टोकाला वाट्यांसारखं फिरणारं यंत्र बसवायचं, आणि खाली पेटीत आकडे जमा होतात.

भाईंदरच्या खाडीकडेला आमचा खाजणाचा, खाऱ्या चिखलाच्या जमिनीचा, तुकडा उरला आहे. मीठ कधीच बंद झालं. मुलाचा मंडप डेकोरेटरचा धंदा होता. लेकीला जागा हवी आहे म्हटल्यावर त्याने खांब उभा करायचं कामही स्वतःकडे घेतलं. आपल्या घरात एवढी माणसं असताना बाहेरचा माणूस कशाला, असं त्याचं म्हणणं.

खांब उभा करायच्या दिवशी त्याची मंडपाची पोरं मेखा ठोकत होती. नात पुढे झाली.

"पप्पा, मेखा नाही चालणार. सरांनी सांगितलंय, तारांना खाली काँक्रीट टाकायला लागेल."

"तुझ्या सरांनी किती मांडव घातलेत?"

"मांडव नाहीये हा."

"मग काय हाय? खांबच हाय ना?" तो पोरांकडे वळून हसला. "बघा रे, इंजिनेर बाई आल्यात. आता बापाची परीक्षा घेतात."

पोरं हसली. ती गप्प बसली. चार माणसांत बापाला खोटं पाडायचं नाही, हे आमच्याच घरात तिला शिकवलेलं. कॉलेजात ती सरांना उलट प्रश्न विचारायची. बापाच्या कामगारांसमोर तिला ते जमलं नाही.

मंडपाचा खांब कधी एकटा नसतो. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, आडव्या बांबूंनी सगळे एकमेकांना धरून असतात. एखादी मेख ढिली पडली तरी बाकीचे सांभाळून घेतात. माझ्या मुलाचे हात आयुष्यभर त्याच कामाला लागलेले. हा खांब एकटा होता आणि खालचा चिखल नरम. मधून मधून तो जाऊन तारा आवळायचा. सैल दिसली की आवळायची. खांब पडला त्या दिवशी वारा जोराचा होता आणि वाऱ्याच्या पलीकडची तार ढिली पडली होती, तीच तो ओढत होता. ढिलं पडलेलं दिसलं, पण सगळा ताण माझ्या बाजूच्या मेखेवर आहे हे त्याला दिसलं नाही. हे मला नातीने नंतर कागदावर काढून दाखवलं.

तेरावं झालं तरी ती कॉलेजला जाईना.

"आजी, मी नाही जाणार परत."

"मग काय करणार? मांडव बांधणार?"

"माझ्यामुळे झालं."

"मेखेमुळे झालं. तू सांगितलंस, त्याने ऐकलं नाही. मेला म्हणून त्याचं बरोबर होत नाही."

सून आतून म्हणाली, "आई, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात का?"

"माझाच होता तो," मी म्हटलं.

सून भाजी चिरायला बसली. घरात पुढे बरेच दिवस कामापुरतंच बोलणं होतं. नात पडल्या जागी पडून असायची. खायला बोलावलं की यायची, ताटात हात फिरवायची, उठायची. शिक्षण सुटलं तर मुलगा फुकट गेला, असं मला वाटायचं. पण ते तिला सांगून तिच्या डोक्यावर आणखी एक ओझं कशाला ठेवू? मी रोज सकाळी एवढंच विचारायचे, "आज जातेस का?" ती मान हलवायची. एक दिवस विचारायच्या आत तिने बॅग उचलली. सुनेने डबा भरून दिला.

खांब पडेपर्यंतचे आकडे तिला पुरले. शेवटी तिने जाडजूड पुस्तक लिहून दिलं आणि पास झाली. पुस्तक घरी आणलं. सगळं इंग्रजीत. मी म्हटलं, खांबाचं काय लिहिलंस ते मराठीत सांग.

तिने पान काढलं. सावकाश, एकेक ओळ मराठी करत सांगितलं. नरम जमिनीत मेखा वापरल्या. वारा वाढल्यावर एका बाजूची मेख निघाली. खांब पडला. तारा आवळणारा स्थानिक कारागीर दगावला. अशा जमिनीत काँक्रीट टाकल्याशिवाय खांब उभा करू नये.

"यात तुझा बाप कुठे आहे?"

"आजी, त्यात तसं लिहीत नाहीत."

"का?"

"अभ्यासाचं पुस्तक आहे ते. त्यात आपलं काही येत नाही."

तिने पुस्तक मिटलं आणि तोंड धुवायला गेली. बराच वेळ नळ चालू होता.

तिच्या पुस्तकात येत नसेल. मी अभ्यासाचं लिहीत नाही, मी लिहू शकते. तार ओढणारा तो कारागीर माझा मुलगा होता, तिचा बाप. त्या दुपारी खाजणात आम्ही तिघं होतो. तो मेला. ती आणि मी जगलो.